पोटातली उधारी

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. जमा आणि नावे, घसारा आणि तेरीज यांच्यापलीकडे माझी मजल नाही. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले, ते पुन्हा खाली काढले नव्हते. तेव्हा ‘पोटातला जंतुसंसर्ग आणि अँटिऑक्सिडंट’ या विषयावर मी लिहिणार म्हटल्यावर अंकाच्या मराठी विभागातल्या मैत्रिणी हसल्या, यात त्यांचा दोष नाही. पण हा विषय मी निवडलेलाच नाही. गेल्या पावसाळ्यात तो आपण होऊन आमच्या घरी आला आणि अकरा दिवस आप्पांच्या खाटेपाशी बसून राहिला.

आमचे आप्पा उद्यमबागेतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. लेथवर उभे राहून त्यांची तीस वर्षे गेली. दुखणे अंगावर काढणे हा त्यांचा स्वभावच. त्या सोमवारी रात्री ते जेवले नाहीत. बेंबीपाशी दुखते म्हणाले. आईने ओवा दिला, शेक दिला. पहाटे दुखणे उजवीकडे खाली सरकले होते आणि त्यांना एकदा उलटी झाली होती. दवाखान्यात जाऊ या, असे आई म्हणाली. मंगळवारी माझी कॉस्ट अकाउंटिंगची चाचणी होती. आप्पांच्या बरोबर जाणार कोण? तर मीच, कारण मोठ्या दवाखान्यात कन्नड बोलावे लागते आणि आमच्या घरात ते मलाच त्यातल्या त्यात बरे येते. मी म्हणाले, “गोळी आणून देते. चाचणी झाली की दुपारी जाऊ.”

दुपारी आप्पा झोपले होते, म्हणून गेलो नाही. रात्री पुन्हा गोळी दिली. बुधवारी सकाळी दुखणे एकदम कमी झाले. आप्पा उठून बसले, कपभर चहाही प्याले. “बघ, उतरलं की,” असे म्हणाले. मला फार हायसे वाटले. खरे सांगायचे तर, आप्पांना बरे वाटले यापेक्षा माझी वेळ वाचली याचाच आनंद त्यात जास्त होता.

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. अंग तापले, श्वास लागला. पोटाला हात लावून देईनात आणि पोट फळीसारखे ताठ झाले होते. रिक्षातल्या प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते. रुग्णालयात सर्जननी दोन बोटे पोटावर टेकवली, पटकन उचलली आणि आप्पा ओरडले. तेवढ्यावरून त्यांनी ओळखले. अपेंडिक्स फुटले होते. सकाळी दुखणे थांबले होते ते बरे वाटले म्हणून नव्हे, तर तटतटलेले अपेंडिक्स फुटून त्यातला ताण गेला म्हणून. आम्ही चहा करीत होतो त्या वेळी आतली घाण पोटभर पसरत होती.

रात्री ऑपरेशन झाले. सगळे पोट उघडले, पू ओढून काढला, कोमट सलाईनने आतून धुतले आणि दोन नळ्या ठेवून टाके घातले. आप्पांना अतिदक्षता विभागात नेले. नाकातून पोटात नळी, हाताला सलाईन, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, खाटेला लघवीची पिशवी. उशाशी एक तक्ता टांगलेला होता. दर तासाला सिस्टर येऊन आत किती गेले, बाहेर किती आले ते त्यात मांडीत. तो जमाखर्च मला कळत होता. आत जाण्याचा रकाना भरत होता. बाहेर येण्याच्या रकान्यात पहिल्या रात्री वीस, पंधरा, वीस मिलिलिटर, असे आकडे होते. मूत्रपिंडे काम करीनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी नात्यातले एक गृहस्थ भेटायला आले. ते नोकरी सांभाळून एक पावडर विकतात. बाकावर बसून त्यांनी मला समजावले की, शरीर म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन म्हणजे गंज. जंतुसंसर्गात हा गंज झपाट्याने चढतो, त्याला ‘ऑक्सिडेटिव्ह डॅमेज’ म्हणतात आणि ‘अँटिऑक्सिडंट’ तो थांबवतात. डॉक्टर हे सांगत नाहीत, असेही ते म्हणाले. डब्याची किंमत अठराशे पन्नास रुपये. आईने भिशीचे पैसे आधीच रुग्णालयात भरले होते. माझ्या पिशवीत परीक्षेची फी होती. मी डबा घेतला. चुकलेल्या माणसाला प्रायश्चित्त विकत मिळते म्हटले की तो किंमत विचारीत नाही.

रात्री मी त्या डब्याबरोबरचे पत्रक वाचले आणि माझ्या मनात भलतीच भीती शिरली. ऑक्सिजनने शरीर गंजत असेल, तर आप्पांच्या तोंडावर तोच का लावला आहे?

त्या रात्री वॉर्डात एक तरुण डॉक्टर होते, गदगकडचे. त्यांना मराठी येत नव्हते. माझे कन्नड असे की, शाळेत शिकलेले परीक्षेपुरते आणि बाजारात शिकलेले पोटापुरते. तरी मी धीर करून विचारले. ते हसले नाहीत. म्हणाले, “नोड तंगी, ऑक्सिजन बंद केला तर गंज चढायला माणूस उरणार नाही. बोटावरच्या चिमट्याचा आकडा बघून आम्ही हवा तेवढाच देतो. पण तुझा प्रश्न खोटा नाही. बस, सांगतो.” पहाटे तीनच्या सुमारास, सफाईवाली मावशी बाहेर फरशी पुसत असताना त्यांनी मला जे सांगितले, ते माझ्या शब्दांत देते. नंतर मी वाचनालयात बसून त्याची खातरजमाही केली.

पोटाच्या आतून एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. आतड्यांवर त्याच्या इतक्या घड्या असतात की तो पसरला तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढा होईल. त्यावर घाण पडली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी लाखांनी धावून येतात. त्या जंतू गिळतात आणि त्याच क्षणी ऑक्सिजन झपाट्याने वापरू लागतात. हा जास्तीचा ऑक्सिजन बॉल्ड्रिज आणि जेरार्ड या दोघांनी 1933 साली कुत्र्याच्या पेशींवर मोजला होता. त्या वेळी वाटले, की पेशींना श्रम पडतात म्हणून लागत असेल. पुढे कळले की तो श्वासासाठी नसतोच, तो दारूगोळ्यासाठी असतो. पांढरी पेशी ऑक्सिजनला एक सुटा इलेक्ट्रॉन देऊन ‘सुपरऑक्साइड’ बनवते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि मीठातले क्लोरीन वापरून त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते.

“वास येतो का?” डॉक्टरांनी बाहेरच्या बादलीकडे बोट दाखवले. ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. “त्या पाण्यात जंतू मारणारा पदार्थ आहे ना, तोच तुझ्या वडिलांच्या पांढऱ्या पेशी पोटात तयार करताहेत.” मग खाटेखालच्या पिशवीतला पू, म्हणजे त्यांच्या शब्दांत ‘कीवु’, दाखवून म्हणाले की, त्याची हिरवट झाक ही ते आम्ल बनवणाऱ्या एन्झाइमचीच असते.

म्हणजे हा गंज बाहेरून आलेला शत्रू नव्हता. ती आप्पांचीच फौज होती. पण ब्लीचची बादली कलंडली तर ती डाग आणि साडीचा रंग यांत फरक करीत नाही. जंतू थोडे असतील तर लढाई जागच्या जागी आटपते. पोटभर घाण पसरून दोन दिवस राहिली, तर फौज गोळीबार थांबवीत नाही. मग ती झळ आतड्यांना, रक्तवाहिन्यांना, फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांनाही लागते. तक्त्यातले वीस आणि पंधराचे आकडे काही अंशी त्या झळीचे होते.

ही झळ कशी पसरते हे मला कळेना. तेव्हा मी कॉमर्सची आहे हे ऐकून डॉक्टर म्हणाले, “मग सोपं आहे. उद्री माहीत आहे?” आपण मराठीत उधारी म्हणतो, तीच कन्नडमध्ये उद्री. आमच्या शहापुरातल्या दुकानांवर ती दोन्ही भाषांत बंद असते!

इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. ज्या रेणूत एक सुटा राहिला तो मोठा उतावळा ऋणको. तो पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूवर हात टाकतो आणि आपली तूट भरून काढतो. पण ज्याच्याकडून घेतले तो आता तुटीत आला. तो शेजाऱ्याकडून ओढतो, शेजारी पलीकडच्याकडून. एकाची उधारी दुसऱ्याच्या माथी, अशी साखळी आवरणभर धावते आणि आवरण फाटते. अँटिऑक्सिडंट म्हणजे या साखळीत स्वतःजवळचे देऊन खाते बंद करणारा सावकार. आवरणात बसलेले ई जीवनसत्त्व आपला वाटा देते आणि स्वतः तुटीत राहूनही दुसऱ्याला लुबाडीत नाही. त्याची तूट क जीवनसत्त्व भरते. आणि या सर्वांच्या मागे शरीराने स्वतः बनवलेले भांडवल असते: ग्लुटाथायोन नावाचा रेणू, सुपरऑक्साइड निकालात काढणारे एन्झाइम (त्याचे काम मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 साली दाखवून दिले) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी करणारे कॅटलेज. लहानपणी गुडघा फुटला की कंपाउंडर त्यावर औषध ओतीत आणि पांढरा फेस फसफसे, तो फेस कॅटलेजचाच. मला वाटे, तो जंतूंचा फेस!

“मग हे दिले तर?” मी पिशवीतून डबा काढला.

त्यांनी लेबल वाचले. पहिली गोष्ट, आप्पांना तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. ती पावडर मी कोणाला न विचारता पाजली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो. दुसरी गोष्ट त्यांनी अशी सांगितली: “तुमचं गिऱ्हाईक रोज उधारी वाढवतंय. तू गल्ल्यात शंभर रुपये टाकून काय होणार? आधी त्याचं खातं बंद करायचं. पू काढला, पोट धुतलं, अँटिबायोटिक चालू आहे. तेच खातं बंद करणं.” आणि जाता जाता म्हणाले, “घरी गेल्यावर पेरू खायला घाल. बाजारात स्वस्त आहेत.”

तिसऱ्या दिवशी तक्त्यात चाळीस लागले, मग साठ. पाचव्या दिवशी नाकातली नळी निघाली. आप्पा पहिले वाक्य बोलले ते असे, “आता बरं वाटूलालंय. मशीनला तेल कोण घालूलालाय?” आई रडली आणि हसली.

घरी आल्यावर मला स्वस्थता नव्हती. अठराशे पन्नास रुपये गेले, फी मी दंडासह भरली, ते एक असो. पण अँटिऑक्सिडंट जर शरीराचेच भांडवल आहे, आणि अशा आजारात रक्तातले क जीवनसत्त्व खरोखरच खूप घटते, तर ते शिरेतून भरून द्यायला हरकत काय? हा प्रश्न केवळ डबा विकणाऱ्याचा नाही, मोठ्या डॉक्टरांनाही तो पडला होता. रसायनशास्त्राच्या सरांनी मला काही लेख शोधून दिले. त्यातले शास्त्र मला अर्धेच कळले, पण आकडे मात्र कळले.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या एका रुग्णालयातला अहवाल 2017 साली प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या 47 रुग्णांना क जीवनसत्त्व, थायामिन आणि एक स्टिरॉइड दिले. आदल्या काही महिन्यांतल्या, हे न मिळालेल्या 47 रुग्णांशी तुलना केली. मृत्यूचे प्रमाण 40.4 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आले. हे वाचून माझा जीव वरखाली झाला. पण मग माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी जागी झाली. गणपतीच्या महिन्यातली विक्री आषाढातल्या विक्रीशी ताडून ‘नव्या पाटीमुळे धंदा वाढला’ असे म्हणता येईल का? दोन गट एकाच वेळचे हवेत आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरायला हवे.

तसे प्रयोग पुढे झाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधल्या 216 रुग्णांवर हेच मिश्रण देऊन पाहिले. 2020 साली निष्कर्ष आला की फायदा दिसत नाही. मग 35 अतिदक्षता विभागांतून 872 रुग्णांवर फक्त क जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष 2022 सालचा. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू आला किंवा अवयव निकामीच राहिले, अशांचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत 38.5 टक्के होते, आणि क जीवनसत्त्व मिळालेल्यांत 44.5 टक्के. कमी नाही, जास्त! हे रुग्ण सगळेच पोटाच्या आजाराचे नव्हते. पण ज्या अवस्थेत आप्पा त्या रात्री होते, त्याच अवस्थेतले होते.

प्रयोगशाळेत मात्र उंदरांच्या आतड्याला भोक पाडून असाच आजार निर्माण करतात आणि तिथे अँटिऑक्सिडंटचा गुण अनेकदा आला आहे. मग माणसात का येत नाही? एक कारण मला फार लागले. उंदराला औषध बहुधा आजाराच्या आधी किंवा लगोलग मिळते. माणूस दोन दिवस गोळ्या खाऊन, चाचणी आटपून मग येतो.

आणि शस्त्रे पार काढून घेतली तरी चालत नाही, हेही मी वाचले. काही मुले जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पांढऱ्या पेशींना सुपरऑक्साइड बनवताच येत नाही. हा आजार डॉक्टरांनी 1950 च्या दशकात ओळखला. त्या मुलांचे ऊतक या झळीपासून जास्त सुरक्षित राहायला हवे, असे पत्रक वाचून वाटेल. प्रत्यक्षात त्यांना जंतूंचे आणि बुरशीचे गंभीर आजार पुन्हापुन्हा होतात. जी आग आपल्याला पोळते, तिच्यावरच आपण जगतो. प्रश्न आग विझवण्याचा नाही. तिला लवकर निमित्त उरू न देण्याचा आहे.

हा सगळा हिशेब माझ्यापाशी जुळला आणि एकच रक्कम जुळेना, ती म्हणजे मंगळवार. एके रात्री आप्पा आजारपणाच्या खर्चाची वही पाहत होते. ती मी लिहिली होती. त्यांनी ‘औषधे’ या सदरावर बोट ठेवले आणि विचारले, “ह्या अठराशे पन्नासची पावती कुठाय गे?” मग मी सगळेच सांगितले. डब्याचे, चाचणीचे आणि बुधवारी सकाळी मला झालेल्या आनंदाचेही.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुखूलालतं मला, आणि चूक तुझी एकटीची व्हय? बेअरिंग आवाज करूलालतं तरी मी मशीन चालवलंच की. आवाज बंद झाला म्हणजे मशीन सुधारलं असं मलाही वाटलं. तीस वर्षं लेथवर हाय मी. मला कळाय पाहिजे होतं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पण पुढच्या वेळी चाचणी सोड.”

त्या डब्यातली पावडर आम्ही फेकून दिली. डबा चांगला आहे, घट्ट झाकणाचा. आप्पांनी त्यात ड्रिल आणि टॅप ठेवले आहेत, तेलाचा हात लावून. गंज लोखंडाला लागतो, तिथे त्याचा उपयोग होतो आहे.

वाचकहो, आपल्यापैकी बरेचजण घरातले पहिले शिकलेले आहोत. दवाखान्यात अर्ज भरायला, कन्नड बोलायला, फोनवर माहिती शोधायला घरचे आपल्यालाच पुढे करतात. तेव्हा ही जबाबदारी ओळखा. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली उतरले, त्यात उलटी किंवा ताप आला, तर गोळी देऊन माणसाला झोपवू नका. त्याच दिवशी दाखवा, चाचणी बुडाली तरी चालेल. आणि दुखणे आपोआप थांबले तर निर्धास्त होऊ नका, अधिक घाई करा. शरीराला स्वतःची शिल्लक असते. ती रोजच्या घसाऱ्याला पुरते, पेरू-आवळा-पालेभाजीने ती राखताही येते. पण दिवाळे निघत असताना ती डब्यातून भरता येत नाही.

वहीत ‘औषधे’ या सदराखालचे अठराशे पन्नास रुपये मी खोडले. ते कुठे न्यावेत याचा विचार करीत मी पेन धरून बसले होते. आप्पा म्हणाले, “शिक्षण म्हणून लिही.” तसेच लिहिले आहे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष